‘बस’ हा शब्द आला कुठून, आणि त्याचा अर्थ नेमका काय?

तुरमुरीकर

हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची, शिनोळी. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या, बेळगावजवळच्या एवढ्याशा पट्ट्यात एकाच वाहनाला किती नावं आहेत बघा. जुनी माणसं ‘मोटार’ म्हणतात. त्यांच्या मागची पिढी ‘यष्टी’ म्हणते, मग गाडी महाराष्ट्राची असो की कर्नाटकाची. शाळा-कॉलेजची पोरं ‘बस’ म्हणतात, कन्नड बोलणारे शेजारी ‘बस्सु’. घाईतला माणूस नुसतं ‘गाडी गेली काय?’ विचारून मोकळा होतो.

यातल्या ‘बस’ शब्दाबद्दल हा धागा काढतोय. मूळ शब्द ‘ऑम्निबस’, लॅटिन, अर्थ ‘सगळ्यांसाठी’, इथपर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला जे वाचायला मिळालं ते आधी मांडतो.

फ्रान्सच्या पश्चिमेला नांत नावाचं शहर आहे. तिथे स्तानिस्लास बोद्री या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने १८२६ च्या सुमारास गावाबाहेर सार्वजनिक स्नानगृह चालवायला घेतलं. त्याची वाफेवर चालणारी पिठाची गिरणी होती, तिथलं गरम पाणी फुकट जायचं, ते कामी आणावं हा हिशेब. गिऱ्हाईक यावं म्हणून त्याने शहरातून घोडागाडी सोडली. लोक गाडीत बसायचे, पण आंघोळीपर्यंत जायचेच नाहीत. वाटेतच उतरून आपापल्या कामाला लागायचे. बोद्रीने हे हेरलं आणि गाडीचाच धंदा धरला. १८२८ मध्ये त्याच्या गाड्या पॅरिसमध्ये धावू लागल्या. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १८२९ ला, जॉर्ज शिलिबीरने लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक अशी ऑम्निबस सुरू केली. तीन घोडे, बावीस उतारू, भाडं एक शिलिंग.

नावाबद्दल एक गोष्ट कायम सांगतात. नांतमध्ये गाडी जिथून सुटायची तिथे ओम्नेस नावाच्या टोपीवाल्याचं दुकान होतं, आणि त्याने आपल्या नावावर कोटी करून पाटीवर ‘ओम्नेस ऑम्निबस’ असं लिहिलं होतं म्हणे. गोष्ट झकास आहे, पण मी ती दंतकथा म्हणूनच ठेवतो.

माझा खरा प्रश्न पुढे आहे. ‘ऑम्निबस’ मधला ‘ऑम्नि’ गेला आणि ‘बस’ राहिला. या उरलेल्या ‘बस’चा अर्थ काय? जाणकारांनी सांगावं. आपल्याकडे बसला आणखी काय काय म्हणतात तेही लिहा.

बोगारवेस

चांगला विषय. लहानपणी आम्हाला वाटायचं, ज्यात बसायचं ती बस. ‘बसणे’शी खरंच काही नातं नाही काय?

नंदगडचे मास्तर

बोगारवेस, मराठीत तीन वेगवेगळे ‘बस’ एकाच आवाजात येऊन मिळालेत, म्हणून असं वाटतं. ‘बसणे’ हे संस्कृत ‘उपविश्’ वरून प्राकृतातून आलं. ज्ञानेश्वरीत ‘बैस’ दिसतं, आणि आजही घरातली वडीलधारी माणसं ‘बैस रे’ म्हणतात. दुसरा ‘बस’ फारसीतला, ‘पुरे’ या अर्थाचा: ‘बस झालं आता’. तिसरा ही गाडी. तिघांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नाही.

आता तुरमुरीकरांचा प्रश्न. मी संस्कृत शिकवत आलो, म्हणून त्या बाजूने सांगतो.

लॅटिनमध्ये ‘ऑम्निस’ म्हणजे सगळा, प्रत्येक. त्याचं चतुर्थीचं अनेकवचन ‘ऑम्निबस’. यात ‘ऑम्नि’ हा शब्दाचा देह आणि ‘बस’ हा नुसता विभक्तीचा प्रत्यय. म्हणजे ‘सगळ्यांसाठी’ मधला ‘सगळ्यां’ टाकून द्यायचा आणि गाडीला ‘साठी’ म्हणायचं, असा हा प्रकार आहे. जगभर रोज कोट्यवधी माणसं एका प्रत्ययात बसून कामाला जातात.

हा प्रत्यय आपल्याला अनोळखी मुळीच नाही. संस्कृतात चतुर्थीच्या अनेकवचनाला काय लागतं? ‘भ्यः’. देवेभ्यः, सर्वेभ्यः, नदीभ्यः. लॅटिनचा ‘बस’ आणि आपला ‘भ्यस्’ एकाच जुन्या मुळातून निघालेत. लॅटिनमध्ये शब्दाच्या आत मूळच्या ‘भ’चा ‘ब’ झाला, आपण ‘भ’ राखला. श्राद्धाला भटजी ‘पितृभ्यः’ म्हणतात ना, तोच शब्द लॅटिनमध्ये ‘पात्रिबस’. ‘पद्’ म्हणजे पाय, त्याचं ‘पद्भ्यः’, लॅटिनमध्ये ‘पेदिबस’. आणखी एक जुळणी पाहा. संस्कृतात चतुर्थी आणि पंचमी यांचं अनेकवचन सारखंच, दोन्हीकडे ‘भ्यः’. लॅटिनमध्येही या दोन विभक्त्या अनेकवचनात सारख्याच.

‘सर्व’ आणि ‘ऑम्निस’ यांचं मात्र नातं नाही, जुळतो तो प्रत्यय. तरी अर्थाने ‘ऑम्निबस’ म्हणजे थेट ‘सर्वेभ्यः’.

यातून व्याकरणाची आणखी एक गोष्ट निघते. इंग्रजीत काही लोक थाटात ‘ऑम्निबाय’ असं अनेकवचन करतात. ते चूक, कारण हा शब्द मुळात अनेकवचनीच आहे, शिवाय चतुर्थीत अडकलेला.

शहापूरची सून

मास्तर, ‘पितृभ्यः’ वाचून अंगावर काटाच आला. दर पितृपक्षात कानावर पडतं आणि त्याचा भाऊ रोज गोगटे सर्कलवरून जातो!

तुरमुरीकर

मास्तर, मनापासून आभार. ‘भ्यः’ ही जोडी मला कुठेच सापडली नव्हती.

निपाणी तंबाखू

‘यष्टी’बद्दल माझे दोन शब्द. एस.टी. म्हणजे स्टेट ट्रान्सपोर्ट. मुंबई राज्याची पहिली सरकारी बस १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. आपला बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. म्हणून इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘यष्टी’ बसलं आणि राज्य बदललं तरी उठलं नाही. माझे काका कर्नाटक सारिगेच्या, म्हणजे तिथल्या सरकारी, बसलाही शेवटपर्यंत ‘यष्टी’ म्हणायचे. इंग्रजी अक्षरांचा झालेला हा शब्द संस्कृतात आधीच होता, ‘यष्टी’ म्हणजे काठी, हा आणखी एक योग.

मुंबई शहरात मात्र बस त्याच्या बरीच आधी आली. बेस्टची पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत गेली.

उद्यमबाग

मी पॅनेल बोर्डचं काम करतो. आमच्याकडे ‘बस’ वेगळीच असते, आणि मास्तरांचं वाचल्यावर तिचा अर्थ मला पहिल्यांदा लख्ख दिसला.

कारखान्याचा मेन पॅनेल उघडला की आत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या आडव्या बसवलेल्या दिसतात. लाल, पिवळी, निळी, अशी तिन्ही फेजची स्लीव्ह चढवलेली, आणि न्यूट्रलची काळी. खाली इन्सुलेटर, मध्ये ठरलेलं अंतर, बोल्ट नीट आवळलेले. एखादा बोल्ट ढिला राहिला तर तो जोड तापतो, तांबं काळवंडतं, आणि उन्हाळ्यात लोड वाढला की तिथूनच वास यायला लागतो. म्हणून मी पोरांना स्पॅनर हातात देऊन प्रत्येक बोल्ट स्वतः पुन्हा बघायला लावतो. या पट्ट्यांना ‘बसबार’ म्हणतात. मूळ शब्द ‘ऑम्निबस बार’. बाहेरून आलेली वीज आधी या पट्टीवर येते, आणि लेथ, फर्नेस, कॉम्प्रेसर, ऑफिसचा पंखा, ज्याला लागेल तो तिथून घेतो. प्रत्येक मशीनला वेगळी वायर थेट बाहेरून ओढायला नको. सगळ्यांसाठी एक पट्टी.

व्हीटीयू सहावं सेम

उद्यमबाग काका, कॉम्प्युटरमधली ‘बस’ तुमच्या बसबारवरूनच आली. प्रोसेसर, मेमरी, बाकीचे भाग यांच्यामध्ये सामाईक तारांचा जो जुडगा असतो तो बस. ॲड्रेस बस, डेटा बस, कंट्रोल बस असे आम्हाला पहिल्याच पेपरला असतात. आणि रोज हातात असणारी यूएसबी, तिच्या शेवटच्या ‘बी’चा अर्थ ‘बस’च: युनिव्हर्सल सीरियल बस. ‘युनिव्हर्सल’ म्हणजे सगळ्यांचं, आणि ‘बस’मध्येही मुळात तेच होतं. अर्थ गळून पडला म्हणून तो पुन्हा पुढे जोडावा लागला.

चंदगडी

सगळं वाचलं, अभ्यास छान आहे. पण मला एक सांगा. ‘सगळ्यांसाठी’ असं जिचं नाव, ती आपल्या भागात सगळ्यात आधी का बंद पडते? सीमाप्रश्न पेटला की पहिला दगड बसच्या काचेवर, पहिलं काळं बसच्या पाटीवर. डिसेंबर २०२२ मध्ये तेच, फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच. दोन्हीकडच्या गाड्या हद्दीवर थांबल्या. आमच्याकडच्या माणसाला बेळगावला दवाखान्यात जायचं असतं, तुमच्याकडच्या पोरीला शिनोळीच्या कारखान्यात कामावर यायचं असतं. ड्रायव्हर-कंडक्टरने तर कुणाचं काय घेतलेलं असतं? पोट भरायला ड्युटीवर आलेली माणसं ती. त्यांना भाषेवरून मारणं हे मराठीच्या नावाने झालं तरी चूक आणि कन्नडच्या नावाने झालं तरी चूक.

संपादक मंडळ

सीमाप्रश्नाच्या कायदेशीर बाजूवर वेगळा धागा चालू आहे, ती चर्चा तिथे करावी. चंदगडी यांचा मुद्दा बसबद्दलचा असल्याने ठेवला आहे.

तुरमुरीकर

चंदगडी, तुमच्या म्हणण्यात बळ आहे, आणि ते या शब्दाच्या इतिहासाला धरूनच आहे. ‘सगळ्यांसाठी’ हे बसच्या बाबतीत कधीच आपोआप घडलेलं नाही.

बोद्रीच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधी पॅरिसमध्ये ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या भाड्यात जाणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या होत्या. कल्पना ब्लेझ पास्कालची, म्हणजे शाळेत दाबाच्या धड्यात भेटतो तोच. साल १६६२, भाडं पाच सोल. रूप आजच्या बसचंच. पण पॅरिसच्या उच्च न्यायालयाने फर्मान काढलं की सैनिक, हुजरे, नोकरचाकर आणि मजूर यांनी या गाड्यांत चढायचं नाही. काही वर्षांत ती सेवा बंद पडली. भाडं वाढल्याचंही कारण सांगतात, पण कष्टकऱ्यालाच चढू न देणारी गाडी कितीशी चालणार? म्हणून मला वाटतं, १८२६-२८ मध्ये ‘ऑम्निबस’ हे नाव गाजलं त्यात नवल नाही. त्यात आधीच्या बंदीला उत्तर होतं.

पुढेही तेच. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीत १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स यांनी गोऱ्या उतारूसाठी सीट सोडायला नकार दिला, त्यांना अटक झाली. तिथल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला, मैलोन् मैल पायी गेले. ‘सर्वांसाठी’ हे पाटीवर लिहिणं सोपं, सीटवर आणणं अवघड.

शहापूरची सून

सीटवरून आठवलं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना आली, साध्या बसमधून बायकांना प्रवास फुकट. कंडक्टर तरीही तिकीट देतोच, शून्य रकमेचं. आमच्या गल्लीतल्या कामवाल्या मावशी ते तिकीट घडी घालून बटव्यात ठेवतात. म्हणतात, ‘फुकट म्हणून फेकायचं काय? माझ्या नावची जागा हाय ती.’ आधी त्या वडगावहून चालत यायच्या. आता रविवारी सौंदत्तीला रेणुकेच्या दर्शनालाही जाऊन येतात, कुणाकडे पैसे मागावे लागत नाहीत. गर्दी वाढली, भांडणं वाढली, हे खरं. पण ज्या बायका आधी घरातच होत्या त्या दिसायला लागल्या, हेही तितकंच खरं.

चंदगडी

वैनी, आमच्याकडे १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. दोन्ही सवलती आपापल्या हद्दीपुरत्या. त्यामुळे बाचीच्या पुढे-मागे कंडक्टरला हिशेब समजावून सांगता सांगता घाम फुटतो.

जांबोटी कट्टा

शब्दांचं चाललंय म्हणून ‘वस्तीची गाडी’ नोंदवतो. संध्याकाळी शेवटची बस गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच राहतात, आणि पहाटे तीच गाडी पहिली म्हणून सुटते. महाराष्ट्रात ‘मुक्कामी गाडी’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘वस्ति बस्सु’. म्हणजे ‘वस्ती’ दोन्ही भाषांत चालते.

खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावांना या गाडीचं मोल विचारा. पावसाळ्यात घाटाकडून पाणी सुरू झालं की सहा-सहा दिवस ऊन दिसत नाही. पहाटे अंधारातच हेडलाइट लागतात. टपावर फणसाची पोती आणि कोंबड्यांची डालगी. आत दुधाच्या किटल्या, छत्र्या मिटून ओल्या झालेल्या शाळेच्या पोरी, आणि पुढच्या सीटवर दवाखान्याला निघालेली कुणाची तरी आई, कानटोपी घालून, मांडीवर रिपोर्टची पिशवी. कंडक्टर मराठीत ‘चला मागं सरका’ आणि कन्नडमध्ये ‘मुंदे होग्री’ एकाच दमात म्हणतो. थांबवायची तर ‘होल्डान’, सोडायची तर ‘राईट’. बोली कुठलीही असो, हे दोन शब्द तेच.

कंडक्टर रात्री गावात जेवतो तेव्हा कुणी त्याला तो कुठल्या भाषेचा ते विचारत नाही. आज कुणाकडून भाकरी जायची याची पाळी ठरलेली असते.

बोगारवेस

मग ‘ऑम्नि’ कुठे गेला? की तो हरवलाच?

तुरमुरीकर

तो मारुतीने उचलला! आठ सीटची ती चौकोनी गाडी, जी आपल्याकडे शाळेची पोरं, मंडपाचं सामान, रुग्ण सगळं वाहायची, तिचं नाव ‘ओम्नी’. म्हणजे शब्दाचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही आपल्या रस्त्यावर धावले. तमिळनाडूत तर लांब पल्ल्याच्या खासगी बसला आजही ‘ऑम्नि बस’ म्हणतात. तिथे शब्द सबंध राहिला.

अशी मोडतोड प्रवासाच्या शब्दांत बरीच दिसते. ‘व्हॅन’ म्हणजे ‘कॅराव्हॅन’ची शेपटी, आणि ते फारसी ‘कारवान’. ‘कॅब’ म्हणजे ‘कॅब्रिओले’चं डोकं. ‘टॅक्सी’ म्हणजे ‘टॅक्सीमीटर’चा अर्धा भाग, आधी मीटरचं नाव, मग गाडीचं. बसचं वेगळेपण एवढंच की उरलेला तुकडा पुन्हा कामाला लागला: ट्रॉलीबस, मिनीबस, एअरबस. मूळचा ‘साठी’ हा प्रत्यय आता ‘माणसं नेणारं वाहन’ असा प्रत्यय झाला.

उद्यमबाग

मराठीत बस ‘ती’ का? ट्रक ‘तो’, टेम्पो ‘तो’, पण बस ‘ती’.

नंदगडचे मास्तर

मला वाटतं गाडी, मोटार, यष्टी या आधीच्या नावांमुळे. त्या सगळ्या स्त्रीलिंगी, ही नवी त्यांच्या पंक्तीला बसली. अनेकवचन मात्र अजून स्थिर नाही. कुणी ‘बसेस’ लिहितो, कुणी ‘बसगाड्या’. मी विद्यार्थ्यांना ‘बसगाड्या’ लिहायला सांगतो. ‘बसेस’मध्ये लॅटिन चतुर्थीवर इंग्रजी अनेकवचन आणि त्यावर मराठी विभक्ती, ‘बसेसमध्ये’, अशी उतरंड होते.

खानापूर कोर्ट

उशिरा आलो, पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. ‘ऑम्निबस’ हा शब्द मेलेला नाही. तो आपल्या कायद्यात आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम २, पोटकलम २९. ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त माणसं नेण्यासाठी बांधलेलं किंवा तसं बदललेलं कुठलंही मोटार वाहन म्हणजे ‘ऑम्निबस’. त्याच कलमात ‘स्टेज कॅरेज’ वेगळी सांगितली आहे. सहापेक्षा जास्त उतारू भाड्याने न्यायचे आणि प्रत्येकाकडून टप्प्याप्रमाणे स्वतंत्र भाडं घ्यायचं, ती स्टेज कॅरेज. म्हणजे आपण जिला रोज बस म्हणतो ती कायद्याच्या भाषेत स्टेज कॅरेज.

उलट, दहा-बारा माणसं बसणारी घरची क्रूझर ही कायद्याने ऑम्निबस ठरते. तिच्यात वडापसारखी, म्हणजे खासगी जीपमध्ये भरतात तशी, माणसं भरून प्रत्येकाकडून भाडं घेतलं, की प्रश्न परमिटचा येतो. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच बघते. वडापने जाणाऱ्यांनी आणि चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अशा केसेसमध्ये घरच्यांची फरपट मी जवळून बघितली आहे.

चंदगडी

आत्ता घरच्या गाडीचं आरसी काढून बघितलं. वाहनाचा वर्ग: ‘ऑम्नि बस, खासगी वापर’. इतकी वर्षं कपाटात होतं.

शहापूरची सून

म्हणजे चंदगडी भाऊजींच्या दारात आख्खा ‘सर्वेभ्यः’ उभा आहे. मास्तर, पुढचा धागा ‘तिकीट’वर काढा. बटव्यातल्या त्या शून्याच्या तिकिटाचं मूळ मला मावशींना सांगायचंय.